खाऱ्या वाऱ्यात टिकणारी खेळाची जागा: समुद्रकाठच्या गावासाठी जागा निवडण्यापासून देखभालीपर्यंत

समुद्रकाठच्या गावात मुलांसाठी खेळाची जागा करायची ठरली की वाळूत चार झोपाळे आणि एक घसरगुंडी रोवून मोकळं व्हायचा मोह होतो. पहिलं वर्ष छान जातं. दुसऱ्या वर्षी साखळीच्या कड्या तांबूस होतात. तिसऱ्या वर्षी शिडीखालच्या पाइपला नख लावलं तरी पापुद्रा सुटतो, आणि मग एके दिवशी सगळ्याला दोरी गुंडाळून ‘वापरू नये’ची पाटी लागते. या खेळण्यांत दोष असतोच असं नाही. शहराच्या आतल्या भागात हीच खेळणी पंधरा वर्षं चालली असती. खारी हवा, उडती वाळू आणि सततचा वारा धरून कुणी ती निवडलेली नसतात, एवढंच.

खरेदीला निघण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: इथल्या मुलांकडे काय आधीच आहे? वाळू आहे, पाणी आहे, मोकळं धावायला जागा आहे. मोठं वाळूघर बांधून समुद्राने फुकट दिलेलं पुन्हा विकत घेण्यात अर्थ नाही. कमी असते ती सावली, वाऱ्याचा आडोसा, चढायला उंची, झोका, पाय धुवायला गोडं पाणी आणि तान्ह्याला मांडीवर घेऊन टेकता येईल असा पाठीचा बाक. पैसा त्यात घालावा.

जागा ठरवताना

जागा कागदावर ठरवू नये. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी, उधाणाच्या भरतीच्या वेळी पुळणीवर जावं. पाणी उतरल्यावर शेवाळ, काटक्या, शिंपले आणि प्लास्टिकची जी रेघ उरते ती त्या दिवसाची भरतीरेषा. वादळात पाणी याच्याही बरंच वर येतं. जुन्या काटक्यांची आणखी वरची एखादी रेघ, वाळूच्या टेकडीचा कापलेला कडा किंवा उघडी पडलेली मुळं दिसली तर ती खरी हद्द समजावी. खेळाची जागा या हद्दीच्या जमिनीकडच्या बाजूला, पहिल्या वाळूच्या टेकडीच्या मागे घ्यावी. समुद्र दिसावा म्हणून ती टेकडी सपाट करू नये. लाटेची पहिली थाप आणि उडती वाळू तीच झेलते.

हवेतलं मीठ किनाऱ्यापासून आत जाताना पहिल्या काही शे मीटरमध्येच झपाट्याने कमी होतं. म्हणून जागा थोडी मागे घेतली तरी खेळण्यांचं आयुष्य वाढतं. दृश्यासाठी अगदी कडेला जायचं असेल तर तिथे बाक ठेवावेत, झोपाळे नकोत.

वाऱ्यासाठी बांबूच्या चार काठ्यांना कापडाच्या पट्ट्या बांधून जागेच्या चार कोपऱ्यांत रोवाव्यात आणि आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ बघाव्यात. समुद्राकडून येणारा वारा उशिरा सकाळी सुरू होऊन दुपारी जोर धरतो, म्हणजे मुलं खेळायला येतात त्या वेळेला तो नेमका तोंडावर असतो. बाक आणि लहानांचा कोपरा कुठे असावा हे या पट्ट्याच सांगतात.

जमिनीखालचं पाणी तपासायला एक मीटर खोल खड्डा खणून उधाणाच्या भरतीला त्यात डोकवावं. खड्ड्यात पाणी चढत असेल तर पाया, निचरा आणि झाडं या सगळ्यांची आखणी बदलते. दहा मिनिटांचं हे काम बहुतेक जण टाळतात, आणि नंतर खांब हलायला लागले की कारण शोधत बसतात.

दार जमिनीच्या बाजूला असावं. समुद्राकडे उघडणारं दार म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला पाण्याकडे जाण्याचा सरळ रस्ता. कुंपण मीटर-सव्वा मीटर उंचीचं, उभ्या गजांचं आणि आरपार दिसेल असं. आडव्या गजांची शिडी होते. दारं दोन ठेवावीत, कारण एकच दार असलं की दांडगी मुलं ते अडवून बसतात. दोन्ही दारं बाहेर उघडणारी आणि आपोआप मिटणारी असावीत, म्हणजे कुत्री ढकलून आत शिरत नाहीत. बिजागरीच्या बाजूला बोट चेंगरणार नाही इतकी फट आहे ना, तेही बघावं.

मांडणी: आधी फक्की, मग खेळणी

चुन्याची फक्की घेऊन सगळी मांडणी जमिनीवर काढावी. खेळण्याच्या आकाराइतकंच महत्त्व त्याच्या भोवतीच्या मोकळ्या जागेला आहे. ईएन ११७६ या युरोपीय मानकानुसार पडण्याची उंची दीड मीटरपर्यंत असेल तर भोवती सगळीकडून किमान दीड मीटर जागा मोकळी हवी. उंची त्याहून जास्त असेल तर उंचीचे दोन तृतीयांश अधिक अर्धा मीटर. म्हणजे तीन मीटर उंचीला अडीच मीटर. पडण्याची उंची तीन मीटरच्या वर कधीच नेऊ नये.

झोपाळ्याला सगळ्यात जास्त जागा लागते आणि तिथेच सगळ्यात जास्त काटकसर होते. वाळूवरच्या झोपाळ्यासाठी हिशोब असा: साखळीची लांबी गुणिले ०.८६७, अधिक २.२५ मीटर. साखळी दोन मीटरची असेल तर सुमारे चार मीटर पुढे आणि चार मीटर मागे. एका चौकटीत दोनच बैठका असाव्यात. तिसरी टांगली की मधल्या झोक्यावर पोचण्यासाठी मूल चालत्या झोक्यासमोरून जातं. स्थिर असताना बैठक जमिनीपासून किमान ३५ सेंटिमीटर वर हवी. झोपाळे नेहमी कडेला असावेत, दारापासून घसरगुंडीकडे जाणारी वाट त्यांच्या समोरून जाऊ नये.

घसरगुंडीचं तोंड उत्तर गोलार्धात उत्तरेकडे आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे ठेवतात, म्हणजे ऊन तिच्या पाठीवर पडतं. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशात मात्र सूर्य डोक्यावरच असतो, तिथे दिशा पुरेशी नाही. तिथे पन्हळ प्लास्टिकची घ्यावी किंवा वर सावली करावी. उतार सरासरी ४० अंशांपेक्षा जास्त नको आणि उतरण्याच्या जागी समोर दोन मीटर मोकळे हवेत.

फटींसाठी प्लायवूडचे दोन तुकडे कापून खिशात ठेवावेत: एक ८९ मिलिमीटरचा, दुसरा २३० मिलिमीटर व्यासाचा गोल. लहान तुकडा जाईल पण मोठा जाणार नाही अशी बंदिस्त फट धोक्याची. तिच्यातून मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. बोटांसाठी ८ ते २५ मिलिमीटरची भोकं वाईट. ही तपासणी खेळणी उतरवून घेतानाच करावी, बसवल्यावर कुणी ती परत नेत नाही. हेल्मेट, गळ्यातली दोरी किंवा नाडीचं टोपडं घालून मुलाला खेळण्यावर चढू देऊ नये, ही सूचना पाटीवर लिहावी. फट बरोबर असली तरी हेल्मेट अडकतं.

लहान-मोठ्यांचे कोपरे वेगळे ठेवावेत. दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा कोपरा वाऱ्याच्या आडोशाला, बाकांच्या नजरेत आणि झोपाळ्यांपासून लांब. चाकाच्या खुर्चीसाठी दीड मीटर रुंदीची, २० मीटरला एक मीटरपेक्षा जास्त चढ नसलेली घट्ट वाट दारापासून निदान एका झोक्यापर्यंत आणि एका बाकापर्यंत न्यावी. वाळूत चाक रुततं, त्यामुळे वाट मध्येच संपली तर ती नसल्यासारखीच.

धातू: इथे चुकलं तर सगळंच चुकलं

आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेच्या गंजवण्याच्या शक्तीचे सी१ ते सी५ आणि त्यावर सीएक्स असे वर्ग आहेत. किनाऱ्याची हवा बहुधा सी४ किंवा सी५ मध्ये, आणि लाटांचे तुषार पडतात ती जागा सीएक्समध्ये मोडते. सी५ हवेत जस्ताचा थर वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतो. हा आकडा हाताशी असला की विक्रेत्याच्या कुठल्याही दाव्याचा भागाकार आपल्याला करता येतो.

वितळलेल्या जस्तात बुडवून केलेल्या गॅल्व्हनायझिंगचा थर आयएसओ १४६१ प्रमाणे दीड ते तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर सरासरी ५५ मायक्रॉन, तीन ते सहा मिलिमीटरवर ७० आणि त्याहून जाड लोखंडावर ८५ मायक्रॉन असतो. म्हणजे पातळ पाइपवरचं जस्त वाईट हवेत सहा-सात वर्षांत संपतं, जाड पाइपवरचं दहा वर्षं जातं. दुकानात मिळणाऱ्या चमकदार झिंकच्या बोल्टवर विजेने चढवलेला थर जेमतेम पाच-दहा मायक्रॉनचा असतो. तो एक-दोन पावसाळेच बघतो. म्हणून जाड पाइप घ्यावा. जास्तीची जाडी ताकदीसाठी लागत नसली तरी जस्तासाठी लागते.

गॅल्व्हनायझिंगवर पावडर कोटिंग चढवलं तर दोन्ही मिळून दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त टिकतात. नुसत्या लोखंडावर पावडर कोटिंग मात्र किनाऱ्यावर फसवं असतं. एका ओरखड्यातून मीठ आत शिरतं आणि रंगाखाली गंज पसरत जातो. बाहेरून फुगा दिसेपर्यंत आतला पाइप अर्धा गेलेला असतो.

कामाचा क्रम महत्त्वाचा. कापणं, वेल्डिंग, भोकं पाडणं हे सगळं आधी, मग जस्तात बुडवणं. बंद पाइपला हवा सुटायला भोकं ठेवावी लागतात, नाहीतर कुंडात तो फुटू शकतो. जस्त चढल्यावर जागेवर एखादं भोक पाडावंच लागलं तर त्याच दिवशी जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत. उभ्या पाइपच्या वरच्या टोकाला टोपी आणि खालच्या बाजूला सहा मिलिमीटरचं निचऱ्याचं भोक असावं. पाइप आतून गंजतो तो साचलेल्या पाण्याने, आणि तो गंज कुणालाच दिसत नाही.

स्टेनलेस स्टील म्हटलं की प्रश्न मिटला असं वाटतं. साधं ३०४ प्रतीचं स्टेनलेस किनाऱ्यावर तपकिरी डाग आणि बारीक खड्डे घेतं. ३१६ मध्ये सुमारे २ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खड्डे पडण्याला विरोध करतं. तरी ३१६ वरही चहासारखे डाग येतात, विशेषतः पृष्ठभाग खरबरीत असेल तर. रेघा ओढलेल्या फिनिशपेक्षा गुळगुळीत पॉलिश घ्यावं, त्यावर मीठ कमी चिकटतं.

हे मीठ सगळ्यात जास्त कुठे साचतं? पाऊस लागतो तिथे नाही. घसरगुंडीची पोटाची बाजू, छपराखालचे सांधे, बैठकीच्या खालच्या पट्ट्या या जागा पावसाने धुतल्या जात नाहीत, म्हणून तिथे मिठाचा थर चढत राहतो आणि दमट हवेत ओला होतो. खेळणं तपासायचं तर वाकून खालून बघावं. वरून ते नेहमी ठीकच दिसतं.

दोन धातू एकत्र आले की खाऱ्या ओलाव्यात त्यांची बॅटरी होते आणि कमकुवत धातू झिजतो. मोठ्या गॅल्व्हनाइझ्ड चौकटीत लहान स्टेनलेस बोल्ट चालतो, कारण झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते. उलट जोडणी, म्हणजे मोठ्या स्टेनलेस पत्र्यात जस्ताचा लहान बोल्ट, लवकर तुटते. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्ट बसवताना नायलॉनचा वॉशर आणि नळी घालून दोघांना वेगळं ठेवावं. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर मशीनने वेगात आवळला तर आटे एकमेकांत चिकटून बसतात. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावून हातपान्याने सावकाश आवळावं. पाच वर्षांनी तो नट सोडवायचा आहे हे लक्षात ठेवावं.

झोपाळ्याची साखळी आखूड कड्यांची, गॅल्व्हनाइझ्ड किंवा ३१६ ची. कडीतली जागा ८.६ मिलिमीटरपेक्षा मोठी नको, नाहीतर बोट शिरतं. साखळी मधोमध झिजत नाही, वरच्या टोकाला कडी कडीवर घासते तिथे झिजते. ६ मिलिमीटरची कडी तिथे ४ वर आली की साखळी बदलावी. वरचं बेअरिंग बंद प्रकारचं घ्यावं. उघड्या बेअरिंगला ग्रीस लावलं की त्यात वाळू बसते आणि त्याची कानस होते. हा उद्योग पुष्कळ ठिकाणी मोठ्या हौसेने दर महिन्याला चालतो.

लाकूड, प्लास्टिक, दोर

लाकडाला मिठाचा फारसा त्रास नाही. ते कुजतं जमिनीच्या पातळीला आणि सैल होतं गंजलेल्या खिळ्यांमुळे. खांब लोखंडी बुटात जमिनीपासून वर उचलून बसवावा. आर्सेनिक असलेल्या जुन्या सीसीए प्रक्रियेचं लाकूड खेळण्यांसाठी घेऊ नये. अमेरिकेत निवासी वापर आणि खेळण्यांसाठी ही प्रक्रिया २००३ च्या अखेरीस बंद झाली, पण जुनं लाकूड स्वस्तात फिरत असतं.

प्लास्टिक घेताना अतिनील किरणांना टिकणारं आहे का ते लेखी घ्यावं. उन्हाने मेलेलं प्लास्टिक नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी सुटते. मग ते वाकत नाही, तडकतं. चढण्याच्या जाळ्यांना पॉलिप्रॉपिलीनचा दोर नको, उन्हात त्याचा भुसा होतो. पॉलिस्टर घ्यावा. आत पोलादी तार असलेला दोर मजबूत असतो, पण कापलेल्या टोकातून खारं पाणी आत चढतं, म्हणून प्रत्येक टोक बंद केलेलं हवं.

पाया

काँक्रीटमध्ये पुळणीची वाळू किंवा खारं पाणी कधीही घालू नये, कारण त्यातले क्लोराइड आतल्या लोखंडापर्यंत पोचायची वाटच बघत नाहीत, ते आतच असतात. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० ते ०.४५ ठेवावं: ५० किलोच्या एका गोणीला २० ते २२ लिटर, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही यात धरायचं. गवंडी पाणी वाढवायला बघतो, कारण माल पसरायला सोपा जातो. सळईवर सगळीकडून किमान ५० मिलिमीटर काँक्रीट यावं. गोड्या पाण्याने निदान सात दिवस ओलं ठेवावं.

सुट्या वाळूत खड्ड्याच्या भिंती ढासळतात आणि वाळू ओतलेल्या मालात मिसळते, म्हणून फळ्यांचा साचा लावूनच ओतावं. पायाचं माप पुरवठादाराच्या नकाशातून घ्यावं, पण तो नकाशा घट्ट मातीसाठी असतो. मोकळ्या वाळूसाठी पाया रुंद करून मागावा. पायाचा माथा खेळाच्या पातळीपासून ४० सेंटिमीटर खाली राहिला पाहिजे. वर उसळलेला काँक्रीटचा कोपरा हा वाळूखाली लपलेला दगडच. खांब जमिनीत शिरतो तिथे ३० सेंटिमीटर खालपासून २० सेंटिमीटर वरपर्यंत इपॉक्सीचा जाड थर द्यावा. ओलावा आणि घासणारी वाळू दोन्ही तिथेच हल्ला करतात.

पायाखालची जमीन

वाळू फुकट पडली आहे, तीच खेळण्याखाली पसरू, हा विचार तीन कारणांनी फसतो. टेकडीची वाळू फार बारीक असते, वाऱ्याने उडते आणि ओली झाली की दगडासारखी बसते. तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढून खांबाला खालून गंजवतं. शिवाय पुळणीवरची वाळू उचलली की किनारा खचतो, आणि बऱ्याच ठिकाणी ते बेकायदेशीरही आहे.

हवी ती धुतलेली, गोल कणांची, ०.२ ते २ मिलिमीटरची वाळू. परीक्षा सोपी: काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा वाळू, बाकी पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवायची. वाळूवर गाळाचा स्पष्ट थर बसला तर ती परत पाठवावी, गाळ असलेली वाळू घट्ट बसते.

खोलीच्या बाबतीत मानकं एकमेकांशी जुळत नाहीत. युरोपीय तक्त्यात योग्य वाळूचा ३० सेंटिमीटर थर तीन मीटर उंचीसाठी चालतो, वर १० सेंटिमीटर इकडेतिकडे होण्यासाठी धरायचे. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं मार्गदर्शन मात्र २३ सेंटिमीटर वाळूवर जेमतेम १.२ मीटर उंची मान्य करतं. किनाऱ्यावर वाळू वारंवार भिजून बसते, म्हणून कडक बाजूने जावं: ४० सेंटिमीटर थर घालूनही वाळूवरची खेळणी सव्वा-दीड मीटर उंचीपर्यंतच ठेवावीत. त्याहून उंच चढायचं असेल तर खाली लाकडाचा भुगा नव्हे तर ५ ते ३० मिलिमीटरचे लाकडी तुकडे, किंवा चाचणी केलेलं रबर.

मालाचा हिशोब: आठ मीटर बाय चार मीटर जागेला ४० सेंटिमीटर वाळू म्हणजे १२.८ घनमीटर, साधारण २० टन. खाली निचऱ्यासाठी खडी आणि मध्ये जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड, नाहीतर खडी हळूहळू वर येते. प्रत्येक खांबावर वाळूच्या पातळीची रंगाची रेघ मारावी. ती रेघ दिसत नसेल तर वाळू जास्त, आणि रेघेखालचा खांब उघडा पडला असेल तर वाळू कमी. सफाई करणाऱ्याला मोजपट्टी लागत नाही.

ओतीव रबर दिसायला सुंदर असतं, पण त्याच्या छिद्रांत उडती वाळू भरते. मग पाणी झिरपत नाही, रबर कडक होतं आणि वर राहिलेल्या वाळूवरून पाय घसरतो. रबर घेतलं तर दर आठवड्याला ताठ झाडू आणि अधूनमधून व्हॅक्यूम हे धरूनच घ्यावं. उन्हात ते तापतंही फार. हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर अनवाणी मुलाला तिथे सोडू नये.

सावली आणि आडोसा

अतिनील निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा अंग झाकावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणं परत फेकतो, म्हणून किनाऱ्यावर छत्रीखाली बसलेलं मूलही खालून भाजतं. सावली खेळण्यापेक्षा रुंद हवी आणि दुपारी दोन-तीनला ती कुठे पडते ते बघून खांब रोवावेत.

कापडी छताचं गणित वाऱ्याचं असतं. वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ०.६१३ गुणिले वेगाचा (सेकंदाला मीटरमध्ये) वर्ग इतके न्यूटन. ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाला ५५० न्यूटन होतात. पाच बाय पाच मीटरच्या कापडावर तो जोर १.४ टन वजनाइतका असतो. बारीक खांबांवर बांधलेलं छत पहिल्याच वादळात खांबासकट जातं. कापड विणीचं, हवा जाऊ देणारं, आणि शिडी लावून अर्ध्या तासात उतरवता येईल असं बांधावं. गाठींऐवजी शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या धातूच्या कड्या वापराव्यात, ओली गाठ वादळाआधी सुटत नाही.

आडोशासाठी भरीव भिंत बांधू नये. वारा तिच्यावरून उडी मारून मागे भोवरे करतो आणि वाळू नेमकी खेळण्यांवर आणून टाकतो. निम्मी फट असलेली पट्ट्यांची किंवा बांबूची भिंत वारा गाळून घेते, आणि तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा मंद राहतो. दीड मीटरची भिंत म्हणजे पंधरा मीटरचा आडोसा. वाळू हिच्याही पायथ्याशी साठते, म्हणून भिंत आणि खेळणी यांत पाच-सहा मीटर सोडावेत.

उष्ण किनाऱ्यांवर वाळू धरायला मर्यादवेल आणि तिच्यामागे भेंड, उंडी किंवा देशी बदाम चांगले. नारळ खेळणाऱ्यांच्या डोक्यावर नको, कारण उघड आहे. कण्हेर खाऱ्या वाऱ्यात मजेत वाढते आणि फुलतेही सुंदर, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. केवड्याचे काटे बाक आणि वाट यांच्यापासून लांब ठेवावेत.

एक नळ

गोड्या पाण्याचा नळ, त्याला लांब पाइप, आणि पाय धुवायला उतार असलेली फरशी. यादीतली ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आणि सगळ्यात जास्त उपयोगाची. मुलांचे पाय धुतले जातात आणि आठवड्यातून एकदा खेळणी धुता येतात. धुताना पाइपचं तोंड खालून वर धरायचं, पावसाची नजर पडत नाही तिथे. नळ खेळण्यांपासून लांब असेल तर धुणं आपोआप बंद पडतं, म्हणून तो मधोमध.

पुळणीवर उतरताना

कुंपणाबाहेरचा किनारा हाही खेळाच्या जागेचाच भाग आहे, म्हणून दाराशी एक फळा आणि त्यावर रोजची भरती-ओहोटीची वेळ खडूने. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही: पहिल्या तासात बारा भागांतला एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात निम्मं पाणी येतं. भरतीचा फरक तीन मीटर आणि पुळण ५० ला १ अशी सपाट असेल तर त्या तासांत पाण्याची कड ताशी ३७ मीटर आत सरकते. किल्ला बांधण्यात गुंतलेल्या घराने चटई आणि बाळ यांची जागा या हिशोबाने ठरवावी. खडकांच्या कोपऱ्याआड खेळत असाल तर तिसऱ्या तासाच्या आधी परत फिरावं.

वाळूतला खड्डा सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, आणि बोगदा अजिबात नको. ढासळलेली ओली वाळू इतकी जड असते की मोठ्यांनाही ती हाताने वेळेत उपसता येत नाही. घरी निघताना खड्डा बुजवावा.

फुगवलेली खेळणी सकाळी पाण्यात नेऊ नयेत. रात्रीपासून पहाटेपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी शांत दिसतं आणि फुगा मुलासकट आत जातो. नारिंगी वारादर्शक कापड फडकत असेल तर त्याचा अर्थ हाच. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग जीवरक्षकांच्या नजरेतला असतो आणि लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही.

देखभाल

वही एक ठेवावी आणि ती नळाजवळच्या कपाटात. रोज सकाळी काच, हूक, शिंपल्यांच्या धारदार कडा वेचून झोपाळ्याखालचे खळगे दाताळ्याने भरायचे. दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुणं. दर एक ते तीन महिन्यांनी नट, साखळी, दोर, बेअरिंग आणि खांबाचा तळ. त्यासाठी खांबाभोवती २० सेंटिमीटर वाळू उकरून टोच्याने टोचून बघायचं. वर्षातून एकदा बाहेरच्या जाणकाराकडून पूर्ण तपासणी, शक्यतो वादळांचा हंगाम संपल्यावर. वाळू खेळायची पेटी असेलच तर रात्री तिच्यावर जाळी टाकावी, कारण मांजरांना ती आपल्यासाठीच केलेली वाटते. प्लास्टिक झाकलं तर आत कुबट होतं.

वादळाची सूचना आली की छत उतरवायचं, झोपाळ्यांच्या बैठका काढून आत ठेवायच्या, दारं बंद करून पाटी लावायची. वादळानंतर आधी सगळं धुवायचं, मग तपासायचं, कारण मिठाच्या थराखाली तडा दिसत नाही. वाळूची पातळी खांबावरच्या रेघेशी जुळवायची, पायाचे माथे उघडे पडलेत का बघायचं आणि वाहून आलेल्या वाळूत वरवरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत दाताळं फिरवून खिळे-काचा काढायच्या. प्रत्येक खांब दोन्ही हातांनी हलवून बघावा. एकही हलला तर ते खेळणं बंद ठेवायचं, आणि दोरीने बांधण्याऐवजी त्याच्या बैठका आणि शिडी काढूनच ठेवायची, कारण बांधलेली दोरी मुलं संध्याकाळपर्यंत सोडतात.